करमुक्तांचे बेट आणि फरशीवरचा प्रवासी

अभ्यासमंडळाच्या गेल्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ साथींनी हसून विचारले, "विमानतळावरच्या अत्तराच्या दुकानांवर आणि गुबगुबीत खुर्च्यांवर समाजवाद्यांनी शाई खर्च करावी असे काय आहे? कांद्याचा भाव, कंत्राटी कामगारांची रोजी, बंद पडणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळा, एवढे प्रश्न पुढ्यात असताना हा श्रीमंतांचा पोरखेळ कशाला?" साथींचा प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. कर कोणी भरायचा आणि कोणी भरायचा नाही हा प्रश्न पोरखेळाचा कधीच नव्हता. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर कोकणातील माणसे लाठ्या खायला गेली, ती मूठभर मिठासाठी गेली नव्हती. गरिबाच्या भाकरीवर कर आणि सत्ताधीशाच्या चैनीला सूट, या न्यायाविरुद्ध ती गेली होती. तोच न्याय आज काचेच्या कपाटांत, मंद प्रकाशात आणि मंजूळ संगीतात मांडून ठेवलेला असेल, तर त्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही.

शिवाय विमानतळ आता केवळ श्रीमंतांचे राहिलेले नाहीत. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या तालुक्यांतील कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. गोव्याची गोष्ट वेगळी नाही. सुतार, गवंडी, वाहनचालक, जहाजांवरचे खलाशी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया ही सारी माणसे विमानाने जातात-येतात आणि स्वस्त तिकिटासाठी मध्ये कुठेतरी विमान बदलतात. मधल्या थांब्याचे ते सात, नऊ, बारा तास कसे जातात, हे आमच्या वर्तमानपत्रांच्या प्रवासवर्णनांत सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका परिषदेहून परतताना आखातातील एका विमानतळावर मला नऊ तास काढावे लागले. माझ्याबरोबरच्या प्रतिनिधींपैकी एकाजवळ बँकेचे असे कार्ड होते की, ते दाखवताच त्याला आणि एका पाहुण्याला लाउंजमध्ये प्रवेश मिळे. तो मला आग्रहाने घेऊन गेला. आत शांतता होती, गरम जेवण होते, आंघोळीची सोय होती, पाय पसरून झोपता येईल असे कोच होते. खोटे कशाला बोलू, थकलेल्या देहाला ते सारे गोड वाटले. दोन तासांनी बाहेर आलो, तेव्हा दरवाजापासून हाकेच्या अंतरावर, भिंतीला लागून, फरशीवर चादर अंथरून दहाबारा माणसे झोपली होती. जवळच्या बाकांना दर बैठकीगणिक लोखंडी हात बसवलेले होते; म्हणजे कोणी आडवे होऊ नये. जागा असलेल्या एका तरुणाने माझी मराठी ऐकून हाक मारली. तो खेड तालुक्यातला सुतार, सौदीतून दोन वर्षांनी घरी निघालेला. मी विचारले, "फरशीवर का रे बाबा?" तो म्हणाला, "काका, आत जायला कार्ड लागतं म्हणतात. आपल्याकडे कार्ड एकच, इकामा. तो दाखवला तर आत कोण घेतंय?" आणि तो हसला. त्याच्या उशाशी करमुक्त दुकानाची पिशवी होती. तिच्यात धाकट्या बहिणीसाठी चॉकलेटे आणि बापासाठी सिगारेटींचा एक खोका.

त्या पिशवीवरून त्या तरुणाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. दोन वर्षे उन्हात राबलेल्या माणसाने घरच्यांसाठी काही नेले, तर त्यात चंगळवाद शोधणारा समाजवाद आपल्याला नको. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही दुकाने कोणत्या तत्त्वावर उभी राहिली, ते तत्त्व आज शिल्लक आहे काय, आणि त्यांच्या कमाईतून त्या फरशीवरच्या माणसाच्या वाट्याला काय येते?

जगातील विमानतळावरचे पहिले करमुक्त दुकान १९४७ साली आयर्लंडमधील शॅनन येथे उघडले गेले. त्या काळची विमाने अटलांटिक महासागर एका दमात ओलांडू शकत नसत. इंधन भरण्यासाठी ती शॅननला उतरत. उतारूंना तिष्ठत बसावे लागे. तिथल्या उपाहारगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या ब्रेंडन ओरेगन यांनी ताडले की, हा प्रवासी आयर्लंडमध्ये उतरला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आयर्लंडमध्ये आलेलाच नाही. तेव्हा त्याला विकलेल्या वस्तूवर आयर्लंडने कर का घ्यावा? त्याच वर्षी आयर्लंडने तसा कायदा केला. म्हणजे करमुक्त दुकानाचा जन्मच मुळी मधल्या थांब्यातून झाला. जी वस्तू या देशात वापरली जाणार नाही, तिच्यावर या देशाने कर घेऊ नये, हे त्यामागचे तत्त्व होते. ते तत्त्व निर्यातीचे आहे आणि त्यात तर्कदुष्टता नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु भांडवलाला फट दिसली की, तिचा दरवाजा व्हायला वेळ लागत नाही. १९६० साली चक फीनी आणि रॉबर्ट मिलर या दोन अमेरिकनांनी हाँगकाँगमध्ये या धंद्याची कंपनी थाटली आणि पुढे ती जगातील सर्वांत मोठ्या करमुक्त साखळ्यांपैकी एक झाली. १९८३ च्या डिसेंबरात दुबईचे दुकान सुरू झाले, तेही शॅननचा अनुभव असलेल्या आयरिश तज्ज्ञांना बोलावून. २०२३ साली त्या एका संस्थेची विक्री दोन अब्ज डॉलरहून अधिक झाली. यातील चक फीनी यांची कथा मोठी बोलकी आहे. त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती, आठ अब्ज डॉलरहून अधिक, शिक्षण आणि आरोग्याच्या कामांना देऊन टाकली. भाड्याच्या घरात राहिले आणि उतारवयापर्यंत विमानाच्या स्वस्त वर्गातून प्रवास करीत राहिले. २०२३ साली ते वारले. जगाला चैनीचा माल विकून धनाढ्य झालेल्या माणसाला स्वतःला ती चैन नकोशी वाटावी, यात त्यांचा मोठेपणा आहेच. पण एका माणसाच्या दातृत्वाने व्यवस्थेचा हिशेब चुकता होत नाही.

आणि आपल्या बाजूच्या लोकांनीही फार ताठ मानेने बोलण्याचे कारण नाही. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या सोव्हिएत देशात 'बेरिओझ्का' नावाची दुकाने होती. तिथे परकीय चलन किंवा खास पावत्या असणाऱ्यालाच खरेदी करता येई. बाहेर सामान्य मॉस्कोवासी मांसासाठी रांगेत उभा असे. १९८८ साली मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर त्याच आयरिश कंपनीच्या भागीदारीत करमुक्त दुकान उघडले, तेव्हा सोव्हिएत सत्तेला त्यात काही विसंगत वाटले नाही. एकाच छपराखाली दोन गल्ले, एक सर्वांचा आणि एक निवडकांचा, हा रोग केवळ भांडवलदारी देशांचा नाही. जिथे जिथे विशेषाधिकाराला सोय असे नाव मिळते, तिथे तिथे तो फैलावतो.

आता मूळ तत्त्वाचे आज काय झाले ते पाहू. आपल्या देशात येणारा प्रवासी विमानातून उतरल्यावर, सामानाची वाट पाहत असतानाच, करमुक्त दुकानातून मद्य विकत घेऊ शकतो. ही बाटली कुठे जाणार? ती ठाण्याला, पुण्याला, नाशिकला जाणार आणि तिथेच रिकामी होणार. ही निर्यात नव्हे. जी वस्तू देशात वापरली जाणार नाही तिच्यावर कर नको, या तत्त्वाचे हे सरळ सरळ उलटे टोक आहे. युरोपीय संघाने हा तर्क १९९९ साली ओळखला. संघाच्या देशांमध्ये एकच बाजारपेठ झाल्यावर एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाणाऱ्याला करमाफी कशासाठी, असा विचार करून १ जुलै १९९९ पासून त्या प्रवासावरील करमुक्त विक्री बंद झाली. त्याआधी धंद्यातील लोकांनी हाहाकार माजवला होता. रोजगार बुडतील, विमानतळ दिवाळखोर होतील, तिकिटे महागतील असे भाकीत केले होते. युरोपातील विमानतळ ओस पडले नाहीत, हे सारे जग पाहत आहे.

आपल्याकडील नियमांत तर वर्गभेद शब्दांनी लिहिलेला आहे. २०१६ साली केलेल्या सामानविषयक नियमांनुसार परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येऊ लागल्या. त्यातच २ लिटर मद्य आणि १०० सिगारेटी बसत. नेपाळ, भूतान आणि म्यानमारहून येणाऱ्यासाठी ही मर्यादा १५ हजार होती. आणि तोच प्रवासी जमिनीवरून आला, तर? तर अंगावरचे, वापरातले कपडेलत्ते तेवढे शुल्कमुक्त. बाकी काही नाही. काठमांडूहून विमानाने येणारा व्यापारी आणि सुनौलीच्या नाक्यावरून बसने येणारा, मुंबईच्या सोसायटीत पहारा करणारा नेपाळी पहारेकरी, या दोघांमधला फरक कायद्याने असा मोजला. मर्यादांचे आकडे वेळोवेळी बदलतात. पण आकाशमार्गे येणाऱ्याची पिशवी आणि पायी येणाऱ्याचे गाठोडे यांना दोन मापे लावणारी मनोवृत्ती त्यातून उघडी पडते.

राज्यांचा अनुभवही असाच. बंगळूरच्या विमानतळावरील करमुक्त दुकानांच्या विक्रीवर कर्नाटक सरकारने विक्रीकर मागितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निर्णय दिला की, माल सीमाशुल्काची हद्द ओलांडण्यापूर्वीच ही विक्री होते, म्हणून राज्याला तो कर घेता येणार नाही. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला. दोष न्यायालयाचा नाही. पण या कायद्याचा अर्थ सामान्य माणसाने कसा लावावा? दुकान कर्नाटकाच्या जमिनीवर, वीज आणि पाणी कर्नाटकाचे, झाडलोट करणारी बाई शेजारच्या वस्तीतली. फक्त कर तेवढा हद्दीपलीकडचा! आणि याच देशात १८ जुलै २०२२ पासून सीलबंद पिठावर, तांदळावर आणि दह्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसवला गेला. पिठाची पिशवी हद्दीच्या आत आणि व्हिस्कीची बाटली हद्दीच्या बाहेर, असा हा भूगोल आहे.

बरे, सरकारने सोडलेला कर गिऱ्हाइकाला तरी मिळतो का? २०१५ साली ब्रिटनमध्ये उघडकीस आले की, विमानतळावरील अनेक दुकाने प्रत्येक प्रवाशाकडे त्याचा विमानप्रवेशाचा पास मागत आणि त्या आधारे सरकारकडून मूल्यवर्धित कराची सूट स्वतःच्या पदरात पाडून घेत. गिऱ्हाईक मात्र पूर्ण किंमत मोजत राही. तिथल्या अर्थखात्याच्या मंत्र्याला जाहीरपणे सांगावे लागले की, ही सवलत प्रवाशांसाठी आहे, दुकानदारांसाठी नाही. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. जिथे गिऱ्हाईक कोंडलेले असते, दुसऱ्या दुकानात जाण्याची मुभा नसते आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो, तिथे सवलत गिऱ्हाइकापर्यंत झिरपत नाही. दुकानदार ती घेतो आणि त्यातला मोठा हिस्सा भाडे म्हणून विमानतळाच्या मालकाला देतो. सुरक्षा तपासणी संपताच वाट दुकानांच्या मधूनच काढलेली असते, ती उगाच नव्हे.

मग विमानतळाचा मालक तरी त्या पैशाने प्रवाशाचा भार हलका करतो का? आपल्याकडे दिल्ली आणि मुंबईच्या विमानतळांचे २००६ साली खासगीकरण झाले. दुकाने, लाउंज, जाहिराती, वाहनतळ यांतून येणाऱ्या उत्पन्नाचे केवळ ३० टक्के हिशेबात धरून प्रवाशांवरील शुल्क ठरवावे, अशी पद्धत तिथे आली आणि २०१६ च्या विमानवाहतूक धोरणाने ती सर्वत्र रुजवली. उरलेले ७० टक्के प्रवाशाच्या हिशेबात येतच नाहीत. मुंबईच्या चालकाला आपल्या एकूण महसुलाचा ३८.७ टक्के वाटा सरकारी प्राधिकरणाला द्यावा लागतो, हे नमूद केले पाहिजे. पण त्याने तिकिटातील शुल्क कमी होत नाही. सार्वजनिक जमीन, सार्वजनिक धावपट्टी, सरकारने सोडलेला कर आणि कोंडून ठेवलेले गिऱ्हाईक, एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या धंद्याचा मोठा हिस्सा प्रवाशाच्या हिशेबाबाहेर राहतो. दुबईने तर २०१६ पासून प्रत्येक प्रवाशाकडून, केवळ विमान बदलणाऱ्याकडूनही, ३५ दिरहमांचे शुल्क घ्यायला सुरुवात केली. तेव्हा फरशीवर झोपणारा फुकटा आहे, असे कोणी समजू नये. तिकिटाबरोबर तोही विमानतळाचे पैसे मोजतो.

आता लाउंजकडे वळू. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीने पहिला असा कक्ष उघडला. आरंभी तो कंपनीने निवडलेल्या बड्या मंडळींसाठी होता. पुढे त्याचे सभासदत्व विकले जाऊ लागले. आज आपल्याकडे ते बँकांच्या कार्डांवर येते. देशांतर्गत प्रवासात दोन रुपये कार्डावरून वजा झाले की, माणूस आत. 'फुकट ते पौष्टिक' म्हणत मध्यमवर्ग तिथे रांगा लावतो. पण हे फुकट नाही. प्रत्येक प्रवेशामागे लाउंजवाल्याला पैसे मोजले जातात. ते कार्डाच्या धंद्यातून वसूल होतात, म्हणजे दर व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलेल्या कपातीतून आणि वेळेवर पैसे भरू न शकणाऱ्या कर्जदाराच्या व्याजातून. हे व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाते. दुकानदार आपली कपात मालाच्या किमतीत मिळवतो आणि ती किंमत रोखीने खरेदी करणारी भाजीवालीही देते. तात्पर्य, लाउंजमधील उपम्याची वशिली ही की, तो खाणाऱ्याला बिल येत नाही; न खाणाऱ्याला येते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला रोजगाराचा. या दुकानांत आणि लाउंजांत हजारो तरुण-तरुणी काम करतात हे खरे. पण बारा-बारा तास उभे राहून हसतमुखाने अत्तर विकणारी मुलगी बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते. तिला नियमित वेतन, बसायला स्टूल आणि संघटनेचा अधिकार द्यायचा प्रश्न आला की, रोजगाराचे हे कैवारी गप्प बसतात. दुसरा आक्षेप, सूट काढली तर लोक ती खरेदी दुबईला करतील. तंबाखूच्या बाबतीत सिंगापूरने याचे उत्तर दिले आहे. जगातील गजबजलेल्या विमानतळांपैकी एक चालवणाऱ्या या देशात येणाऱ्या प्रवाशाला सिगारेटींवर करमाफी नाही. म्हणून सिंगापूरचा विमानतळ ओस पडला नाही. शिवाय भारताने २००४ साली मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या सहाव्या कलमात प्रवाशांना करमुक्त तंबाखू विकण्यावर बंदी वा मर्यादा आणण्याचा मार्ग स्पष्ट सुचवलेला आहे. तिसरा आक्षेप आपल्याच साथींचा: तुम्हाला लाउंज मोडून टाकायचे आहेत काय? सर्वांनी फरशीवर झोपावे, हीच का तुमची समता?

या आक्षेपाचे उत्तर समाजवाद्यांनी पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणातील राजापूर मतदारसंघाने निवडून दिलेला हा प्राध्यापक. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ सालीच नावापुरता गेला होता. पण दुसऱ्या वर्गाच्या उतारूला रात्र काढायला लाकडी फळीच होती. दंडवत्यांनी पहिल्या वर्गाच्या गाद्या काढल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम बसवला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई आणि कलकत्ता यांच्यामध्ये गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, जिच्यात वर्गच नव्हते. वरच्याला खाली खेचणे हे समतेचे ध्येय नव्हे. खालच्याला माणसासारखे निजता आले पाहिजे, हे आहे. त्या दोन इंचांचे महत्त्व ज्याने लाकडी फळीवर पाठ टेकली आहे त्याला कळते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. विमान बदलणाऱ्या प्रत्येक प्रवाशासाठी, कोणतेही कार्ड न मागता, आडवे होता येईल अशी जागा, पिण्याचे पाणी, आंघोळीची सोय आणि रास्त दरात जेवण ही विमानतळाच्या परवान्याची अट असावी. स्वदेशी उतरल्यावर होणारी मद्य आणि तंबाखूची करमुक्त विक्री बंद व्हावी. दुकाने आणि लाउंज यांचे पूर्ण उत्पन्न, ३० टक्के नव्हे, प्रवाशांवरील शुल्क ठरवताना हिशेबात धरावे. आकाशमार्गे आणि भूमार्गे येणाऱ्याला एकच मर्यादा असावी. दुकानांतील आणि लाउंजांतील कंत्राटी कामगारांना कायम कामगारांचे हक्क मिळावेत. परदेशी विमानतळांवर आपला कायदा चालत नाही, हे खरे. पण आपल्या लक्षावधी श्रमिकांची ने-आण करण्याचे हक्क परदेशी विमान कंपन्यांना आपले सरकारच करार करून देते. त्या करारांत विमानांच्या आसनांची संख्या मोजली जाते. मग थांब्यावर माणसाला मिळणाऱ्या वागणुकीची अट का घालू नये?

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील साथींना एक विनंती आहे. आखातातून सुटीवर आलेले कामगार गणपतीला, ईदला गावागावांत भेटतात. त्यांच्याकडून मधल्या थांब्यांचे अनुभव लिहून घ्या: किती तास काढले, कुठे झोपले, पाण्याला किती पैसे पडले, बाया-माणसांची काय सोय होती. अशा शंभर हकिकती गोळा झाल्या, तर त्या घेऊन खासदारांच्या दारी जाता येईल. कोणत्याही आंदोलनाचा आरंभ हिशेबापासून होतो. राहता राहिली गोष्ट त्या रात्रीची. मित्राच्या कार्डावर मी पुन्हा आत गेलो नाही. त्याने नैतिक विजय वगैरे मिळवला असे मी मानीत नाही; त्या तरुणाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला माझ्या सोबतीपेक्षा एक साधी खाट हवी होती. ती मिळवून देणे हे आपले काम आहे.